कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही: हेड उतरवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधली २०१५ सालची डिझेल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. दर दोन-तीन आठवड्यांनी बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) खालच्या खुणेच्याही खाली जातं आणि अर्धा लिटरच्या आसपास टाकावं लागतं. पार्किंगची जमीन कोरडी, इंजिन ऑइल स्वच्छ, टेंपरेचरचा काटा मध्यावरून हललेला नाही. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थोडा पांढरा धूर येतो. एवढ्यावरून गॅरेजने ‘हेड गॅसकेट गेलंय’ (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅसकेट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांमधलं सील) असं सांगून खर्चाचा आकडा लिहून दिला. तर हेड उतरवावं का?

आत्ता नको. हेड गॅसकेट गेलं नसेलच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही सांगितलेल्या खुणांपैकी एकही खूण फक्त गॅसकेटकडे बोट दाखवत नाही. हेड उतरवणं म्हणजे नवं गॅसकेट, नवे बोल्ट, लेथवर फेसिंग (हेडची बसणारी बाजू घासून सपाट करणं), टायमिंगचं काम आणि चार-पाच दिवस गाडी बंद. इतकं करून पुढच्या महिन्यात बाटली पुन्हा रिकामी झालेल्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि त्यात चार पैशांच्या झाकणाने किंवा ऑइल कूलरच्या सीलने हे सगळं घडवलेलं निघतं, तेव्हा मालकाइतकंच मलाही वाईट वाटतं.

कूलंट पेट्रोल-डिझेलसारखं खर्च होत नाही. सिस्टिम बंद आहे, त्यामुळे कमी झालं म्हणजे कुठून तरी बाहेर गेलं. सगळे ‘कुठून’ हेच शोधायला लागतात. मी आधी ‘कधी’ हे शोधतो. गाडी चालताना जातंय, बंद केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जातंय, की रात्रभर थंड उभी असताना जातंय? एवढं कळलं की संशयितांची यादी निम्म्याने कमी होते, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

बाटलीवर बारीक मार्करने रेघ मारा. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी त्याच सपाट जागी उभी असताना पातळी बघा. गरम असताना बघू नका. लहान गाडीत साधारण ५-६ लिटर कूलंट असतं आणि ते तापलं की पाव लिटरच्या आसपास फुगतं. संध्याकाळी गरम असताना भरलेली दिसलेली बाटली सकाळी खाली गेलेली दिसणारच, त्यात गळती काही नाही. एक दिवस असा निवडा की रात्री नऊला गाडी पुरती थंड झालेली असेल. तेव्हाची पातळी आणि सकाळी सहाची पातळी यांत फरक पडला तर गळती इंजिन थंड असतानाची आहे. फरक नसेल आणि चालवल्यावरच पडत असेल तर ती गरम, दाबाखालची गळती आहे. टाकलेलं कूलंट मापाच्या भांड्याने मोजा आणि किलोमीटरसह वहीत लिहा. ‘अर्धा लिटरच्या आसपास’ यावर निदान होत नाही. हजार किलोमीटरला २०० मिलि आणि हजार किलोमीटरला ८०० मिलि हे दोन वेगळे रोग आहेत.

अलीकडे कूलंट बदललं असेल किंवा होज (कूलंटचा रबरी पाइप) काढला असेल तर तेही सांगा. आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडते आणि पहिले काही दिवस पातळी उतरते. ती एकदा स्थिरावली की पुन्हा उतरत नाही.

आता ‘जमीन कोरडी’ याबद्दल. यावर विसंबू नका. इंजिनखाली गार्ड किंवा प्लास्टिकचं आवरण असेल तर थेंब त्यातच साठतो आणि चालताना वाऱ्याने उडून जातो. गरम भागावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, तिथेच वाफ होतो. मागे राहतो तो फक्त रंग. होजच्या तोंडाशी, क्लिपच्या खाली, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी अॅल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेली असते त्या कडेला टॉर्चने बघा. गुलाबी, हिरवट किंवा पांढुरका थर मिठासारखा जमलेला दिसेल. नखाने खरवडला की भुकटी होते आणि बोट ओलं करून लावलं की चिकट लागते. ही जुनी, संथ गळती असते, आणि ती ज्या ठिकाणाहून सुरू होते ते टोक थराच्या सर्वांत वरच्या बाजूला सापडतं. खालचा भाग नुसता ओघळ असतो. अनेक जण ओघळाच्या शेवटी असलेला भाग बदलतात आणि गळती तशीच राहते.

उलटही होतं. उन्हाळ्यात एसीचं पाणी गाडीखाली पडलेलं बघून लोक घाबरून येतात. ते पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, बोटांना बुळबुळीत लागत नाही. कूलंट रंगीत, किंचित तेलकट आणि गोडसर वासाचं असतं. चव मात्र कधीही घेऊ नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. सांडलेलं धुऊन टाका आणि उघडं भांडं ठेवू नका.

कूलंटच्या बाटलीच्या झाकणापासून सुरुवात करा, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित तेच आहे. झाकणाचं काम नुसतं तोंड बंद ठेवणं नाही, दाब धरून ठेवणं आहे. साध्या पाण्यावर १ बार जादा दाब दिला की ते १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर सैल झालं की दाब धरला जात नाही, उत्कलनबिंदू खाली येतो, आणि घाट चढून गाडी बंद केली की खेळ सुरू होतो. इंजिन बंद होताच बहुतेक गाड्यांत पंप थांबतो, पण हेड आणि ब्लॉक तापलेलेच असतात. पहिली काही मिनिटं आतल्या कूलंटचं तापमान वाढतं, आणि तेवढ्यात झाकणातून वाफ आणि चमचा-दोन चमचे कूलंट निसटतं. रोज थोडं थोडं. जमीन कोरडी, काटा मध्यावर, आणि पंधरा दिवसांनी बाटली खाली. तुमच्या वर्णनाशी हे बऱ्यापैकी जुळतं. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो, ०.९, १.१, १.४ असा. नवं घेताना तोच आकडा घ्या. जास्त आकड्याचं झाकण ‘मजबूत’ म्हणून लावू नका, ते पुढच्या कमजोर होजला किंवा प्लास्टिकच्या टाकीला फोडतं.

मारुती ८००, ओम्नी यांसारख्या गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाटली नुसती साठवणीची. तिथे एक फसवी गोष्ट घडते. झाकणाच्या मध्यभागी एक छोटी व्हॉल्व्ह असते, इंजिन थंड होताना ती बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देते. ती अडकली किंवा बाटलीच्या नळीला चीर पडली, तर कूलंट बाहेर येतं पण परत जात नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. अशा गाडीत फक्त बाटली बघून समाधान मानू नका, थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. गरम इंजिनाचं झाकण, कोणत्याही गाडीचं, फडकं धरूनसुद्धा उघडू नका. भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिले आहेत.

यानंतर प्रेशर टेस्ट. हेड उघडायचं म्हणणाऱ्या प्रत्येक गॅरेजला हा एकच प्रश्न विचारा: प्रेशर टेस्ट केली का? झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच पंप मारायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. इंजिन थंड हवं. गरम इंजिनावर लावला तर आतलं कूलंट थंड होत आकसतं आणि गळती नसतानाही काटा खाली येतो, मग निष्कारण भीती. थंड इंजिनावर पंधरा-वीस मिनिटं काटा जागेवर राहिला तर थंड इंजिनातली मोठी गळती नाही. घसरला तर आधी कान लावा, मग आरसा आणि टॉर्च घ्या. हाताला न पोचणाऱ्या जोडांभोवती पांढरा टिश्यू गुंडाळून ठेवला की डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर रंगीत ठिपका होऊन उमटतो. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की कूलंट तिथून यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथे बोट फिरवा. नुसता वाळलेला डाग असेल तर लक्ष ठेवायचं, ओला ओघळ असेल तर पंप बदलायचा.

काही गळत्या फक्त थंडीतच होतात. प्लास्टिकचं नळीतोंड आणि रबर पहाटे आकसतं, क्लिपखालून थेंब येतो, इंजिन तापलं की फुगून जागा बंद. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला याच तक्रारी वाढतात. काही नेमक्या उलट, तापल्यावर आणि दाबाखालीच उघडतात. म्हणून थंड टेस्ट पास झाली तरी गाडी तासभर चालवून आणून एकदा पुन्हा बारकाईने बघावं लागतं. तरीही सापडलं नाही तर कूलंटमध्ये डाय (चमकणारा रंग) टाकून आठवडाभर चालवायची आणि अंधारात यूव्ही दिव्याने बघायची. गळतीची जागा हिरवीपिवळी चमकते.

केबिन विसरू नका. आपल्याकडे हीटर वर्षातून चार वेळा लावला जातो, पण बऱ्याच गाड्यांत हीटरच्या कोअरमधून कूलंट सतत फिरत असतं. तो कोअर गळला तर पुढच्या मॅटखाली ओल येते, काचेच्या आतून तेलकट धुकं बसतं, गोडसर वास येतो. ओल नुसत्या पाण्याची असेल तर एसीचा ड्रेन तुंबला आहे, हा वेगळा विषय.

बाहेर सगळं कोरडं, केबिन कोरडं, तरी प्रेशर टेस्टचा काटा घसरतो: आता आतली गळती. आणि इथेही हेड गॅसकेटच्या आधी दोन भाग तपासायचे असतात, विशेषतः डिझेलमध्ये.

पहिला ऑइल कूलर. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो ऑइल फिल्टरच्या हाउसिंगला लागूनच असतो, एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने कूलंट, मध्ये पातळ पत्रा आणि रबरी सील. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल कूलंटमध्ये घुसतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, कूलंटचा मात्र काही वेळ टिकतो, आणि प्रवाह उलटा होतो. त्यामुळे डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) स्वच्छ दिसली तरी बाटलीच्या आतल्या भिंतीवर काळपट, तेलकट वळ आहे का ते बोटाने तपासा. हाउसिंगचं बाहेरचं सील गेलं असेल तर कूलंट इंजिनाच्या मागच्या बाजूने खाली ओघळतं आणि गार्डवर वाळतं, वरून काही दिसत नाही.

दुसरा ईजीआर कूलर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडायचा, हे त्याचं काम. सततच्या तापण्या-निवण्याने त्याच्या आतल्या नळ्यांना चीर पडते. मग कूलंट धुरात मिसळून निघून जातं: जमिनीवर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, बाटलीत बुडबुडे असतीलच असं नाही. गाडी उभी असताना साठलेलं कूलंट सकाळी पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर येतं. हे सगळं हेड गॅसकेटसारखंच दिसतं, म्हणून सर्वांत जास्त निरपराध हेड याच्यापायी उघडली जातात असं माझं ठाम मत आहे. ईजीआरचा पाइप सोडवून आत बघा. डिझेलमध्ये तिथे कोरडी काळी काजळी हवी. काजळी ओली, गाळासारखी किंवा एखादी बाजू धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर कूलर सोडवून त्याची वेगळी प्रेशर टेस्ट करा, शक्यतो गरम पाण्यात बुडवून, कारण चीर थंड असताना मिटलेली असू शकते. शंका उरलीच तर फक्त निदानापुरतं, काही दिवसांसाठी कूलरची कूलंट लाइन बाजूने जोडून घेऊन, त्यातला धुराचा मार्गही बंद करून, अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखाली वापरून बघतात. पातळी थांबली तर चोर सापडला. मग नवा कूलर बसवून सगळं पूर्ववत करायचं. ईजीआर कायमचा बंद करणं हा उपाय नाही.

तुमच्या पांढऱ्या धुराचं काय? थंडीच्या सकाळी प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमधून वाफ निघते. जळणातूनच पाणी तयार होतं. ती चार-पाच मिनिटांत, सायलेन्सर तापला की थांबते आणि हवेत लगेच विरते. कूलंटचा धूर दाट असतो, गाडी मागे नेली तरी जागेवर रेंगाळतो, त्याला गोडसर वास असतो आणि तो इंजिन तापल्यावरही येऊ शकतो. तशीच गोष्ट ऑइलच्या झाकणाखालच्या पिवळट-पांढऱ्या साईची. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटर चालवणाऱ्यांच्या निरोगी इंजिनातही ती जमते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी सुरू करू नका.

आता हेड गॅसकेट. गेलं असेल तर ते कसं बोलतं? सिलिंडरमधला स्फोटाचा दाब कूलंटच्या दाबाच्या कित्येक पट असतो. फट कूलंटच्या मार्गाला लागून असेल तर वायू तिकडे घुसतो. म्हणून सकाळी थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज दाबून बघा. कूलंट अजून कोमट व्हायचं आहे आणि होज दगडासारखा कडक, तर तो दाब उष्णतेने आलेला नाही, ज्वलनातून आलेला आहे. नुसत्या हाताने होणाऱ्या परीक्षांमध्ये इतकी बोलकी परीक्षा दुसरी नाही.

मग निळ्या द्रावाची टेस्ट. बाटलीच्या तोंडावर काचेची नळी लावून आतली हवा त्या द्रावातून ओढतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड आला तर निळा रंग पेट्रोल गाडीत पिवळा, डिझेलमध्ये हिरवटपणाकडे जातो. आधी बाटलीतली पातळी थोडी उतरवावी, नाहीतर कूलंटच द्रावात ओढलं जातं आणि टेस्ट वाया. डिझेलमध्ये एक अडचण आहे: आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) डिझेल इंजिन भरपूर जादा हवेत जळतं, त्यामुळे त्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो. दुकानासमोर उभ्या गाडीवर रंग बदलला नाही म्हणून गॅसकेट निर्दोष ठरत नाही. काही फटी फक्त लोडखाली उघडतात. कसारा घाट चढून आल्यावर, इंजिन कोमट असताना, झाकण सुरक्षितपणे उघडण्याइतका दाब उतरल्यावर ही टेस्ट करून घ्या.

अजून खात्री हवी असेल तर थंड इंजिनावर दाब चढवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढून बारीक कॅमेरा आत घालायचा. एका पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा चकचकीत धुतलेला, किंवा वर थेंब दिसला, तर सिलिंडर सापडला. जुने ग्लो प्लग काढताना तुटतात, म्हणून इंजिन कोमट असताना, आधी प्लगच्या बुडाशी तेल सोडून, सावकाश काढायला सांगा. आत कूलंट साठल्याची शंका असेल तर प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि गॅसकेटचं काम पूर्ण इंजिनाचं होतं.

या परीक्षांनी हेड दोषी ठरलं, तर ते उतरवा, मागेपुढे बघू नका. पण त्याला फेसिंगच्या आधी लेथवाल्याकडे प्रेशर टेस्ट करायला लावा. व्हॉल्व्ह सीटच्या मधली चीर फेसिंगने जात नाही. अँगल देऊन कसायचे बोल्ट कंपनीने एकदाच वापरायला सांगितले असतील तर नवेच लावा.

तोपर्यंत पाळायच्या दोन-तीन गोष्टी. काटा मध्यावर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो, पातळी फार उतरली की तो वाफेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली दिसू शकतो. लीकेज बंद करणारी पावडर टाकू नका, आणि हळदही नाही. ट्रकवाले घाटात अडकल्यावर हळद टाकून गावापर्यंत पोचतात हे खरं आहे, पण तीच हळद हीटरचा कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही भरून टाकते, आणि पुढच्या प्रत्येक टेस्टचा निकाल गढूळ करते. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नकार द्या. बोअरचं पाणी नको. भर घालायची तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचंच कूलंट, डिस्टिल्ड वॉटर मिसळून. नुसता रंग जुळला म्हणून प्रकार जुळत नाही.

तुमच्या गाडीसाठी माझा क्रम असा: आजपासून दहा दिवस सकाळची पातळी आणि किलोमीटर लिहा, त्याच आठवड्यात त्याच आकड्याचं नवं झाकण लावा. फरक पडला नाही तर थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट, खालचं आवरण काढून. मग ऑइल कूलरची बाजू, मग ईजीआर कूलर. होजची परीक्षा उद्या सकाळीच घरी करा, तिला काही लागत नाही. होज मिनिटात कडक झाला तर हा सगळा क्रम सोडून थेट निळ्या द्रावाच्या टेस्टला जा. आणि दहा दिवसांचे आकडे, प्रेशर टेस्टमध्ये काटा किती वेळात किती घसरला तो आकडा, आणि ईजीआर पाइपच्या आतला फोटो मला पाठवा. तेवढ्यावर पुढचं ठरवता येईल.